कम्फर्ट झोन

कम्फर्ट झोन म्हणजे ज्या परिस्थितीत व्यक्तीला पुढे काय घडेल याचा बराचसा अंदाज असतो, अंगवळणी पडलेल्या रीतीने कामे पार पाडता येतात आणि चिंता फारशी जाणवत नाही, अशी मानसिक अवस्था होय. मराठीत या अवस्थेस आरामक्षेत्र, सुखवलय किंवा सुरक्षित कोश असेही म्हटले जाते. मात्र बोलण्यात व लेखनात मूळ इंग्रजी शब्दच अधिक रूढ आहे. व्यवस्थापन, शिक्षण, क्रीडा प्रशिक्षण आणि समुपदेशन या क्षेत्रांत ही संकल्पना विशेषत्वाने वापरली जाते.

या अवस्थेत राहावे की तिच्यातून बाहेर पडावे, हा संकल्पनेशी निगडित असलेला मुख्य प्रश्न आहे. व्यक्तिमत्त्व विकासावरील लोकप्रिय साहित्यात बाहेर पडणे हे प्रगतीचे आणि राहणे हे भित्रेपणाचे लक्षण मानण्याकडे कल दिसतो. मानसशास्त्र व अर्थशास्त्र यांतील संशोधनातून मात्र असा सरसकट नियम निघत नाही. बदलाचे प्रयोजन, अपयश आल्यास सोसावी लागणारी हानी, परतीची शक्यता आणि मिळणारा आधार यांनुसार एकच निर्णय एका व्यक्तीसाठी हितकर, तर दुसरीसाठी घातक ठरू शकतो.

संज्ञा

‘कम्फर्ट’ म्हणजे सुख किंवा आराम आणि ‘झोन’ म्हणजे क्षेत्र. प्रत्यक्षात येथे अभिप्रेत असलेले सुख हे आनंदापेक्षा परिचयाचे सुख असते. कंटाळवाणी नोकरी, बिघडलेले नातेसंबंध किंवा गैरसोयीचे घर हेही एखाद्याचे कम्फर्ट झोन असू शकते. कारण तेथील त्रास ओळखीचा असतो आणि तो कसा सोसावा हे ठाऊक असते.

मराठीतील ‘चाकोरी’ हा शब्द या संकल्पनेच्या जवळचा आहे. बैलगाडीच्या चाकांनी रस्त्यात पडलेली खोल रेघ म्हणजे चाकोरी. तीतून गाडी हाकणे सोपे जाते; पण वळायचे झाल्यास तीच आड येते. ‘कूपमंडूक’ या शब्दात अनुभवाच्या मर्यादेवर टीका आहे, तर ‘हातचे सोडून पळत्याच्या पाठी लागणे’, ‘दुरून डोंगर साजरे’ आणि ‘आगीतून निघून फुफाट्यात पडणे’ या म्हणी व वाक्प्रचारांतून बाहेर पडण्यातील धोका सांगितला जातो. थोडक्यात, मुक्काम आणि प्रस्थान या दोहोंविषयीची सावधगिरी भाषेत एकाच वेळी नांदते.

इतिहास

ही संज्ञा लोकप्रिय होण्यात अमेरिकन लेखिका ज्युडिथ बार्डविक यांच्या ‘डेंजर इन द कम्फर्ट झोन’ या १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकाचा मोठा वाटा आहे. या पुस्तकाचा विषय व्यक्तीच्या आयुष्यापेक्षा संस्थांमधील कामाची संस्कृती हा होता. काम कसेही केले तरी नोकरी व लाभ मिळतच राहतील अशी खात्री झालेल्या कर्मचाऱ्यांची कामगिरी खालावते. आणि सततच्या असुरक्षिततेमुळेही ती खालावते, असे प्रतिपादन त्यांनी केले.

जर्मनीतील साहस शिक्षणाच्या क्षेत्रात टॉम झेनिंगर यांनी २००० साली सुखक्षेत्र, शिकण्याचे क्षेत्र आणि घबराटीचे क्षेत्र अशी तीन वर्तुळांची मांडणी केली. गिर्यारोहण, नौकानयन यांसारख्या उपक्रमांत सहभागी व्यक्तीला मधल्या वर्तुळात आणणे हे प्रशिक्षकाचे काम मानले गेले. २००९ साली अ‍ॅलिस्टर व्हाइट यांनी कामगिरी व्यवस्थापनाच्या संदर्भात या संकल्पनेचा विस्तार केला. आज प्रशिक्षण वर्गांमध्ये दाखवली जाणारी एकात एक वर्तुळांची आकृती याच प्रकारच्या मांडण्यांतून आलेली आहे.

सैद्धान्तिक पार्श्वभूमी

उद्दीपन आणि शिकणे

रॉबर्ट यर्क्स आणि जॉन डॉडसन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९०८ साली उंदरांवरील प्रयोग प्रसिद्ध केले. उंदरांना पांढरी व काळी अशा दोन पेट्यांतून योग्य पेटी निवडायची होती. चुकीच्या निवडीस विजेचा धक्का बसे. दोन पेट्यांतील फरक सहज ओळखता येण्याजोगा असताना धक्का जितका तीव्र, तितके शिकणे जलद झाले. फरक ओळखणे अवघड केल्यावर मात्र मध्यम तीव्रतेचा धक्का सर्वांत परिणामकारक ठरला आणि अधिक तीव्र धक्क्याने शिकणे मंदावले. पुढे या निष्कर्षाचा अर्थ मानवी चिंता व कामगिरी यांना लावला गेला आणि तो ‘यर्क्स–डॉडसन नियम’ म्हणून प्रसिद्ध झाला. मूळ निबंधात कम्फर्ट झोनचा उल्लेख नाही. तसेच, काम जितके अवघड तितका ताण कमी असावा, हा प्रयोगातील महत्त्वाचा भाग लोकप्रिय मांडणीत बहुधा गाळला जातो.

निकट विकासाचे क्षेत्र

सोव्हिएत मानसशास्त्रज्ञ लेव्ह व्हिगॉट्स्की (१८९६–१९३४) यांच्या मते मूल एकट्याने जे करू शकते आणि जाणत्या व्यक्तीच्या मदतीने जे करू शकते, त्यांमधील अंतर हे शिकण्याचे खरे क्षेत्र होय. या दृष्टीने पाहता नव्या क्षेत्रात पाऊल टाकणे ही केवळ धैर्याची बाब राहत नाही. मदत करणारे कोणी आहे की नाही, यावर ते क्षेत्र किती विस्तृत असेल हे ठरते.

सुरक्षित तळ

जॉन बोल्बी आणि मेरी एन्सवर्थ यांनी विकसित केलेल्या आसक्ती सिद्धान्तात ‘सुरक्षित तळ’ ही कल्पना येते. आई किंवा अन्य जिव्हाळ्याची व्यक्ती जवळ असल्याची खात्री असलेले मूल अनोळखी खोलीत अधिक मोकळेपणाने वावरते, खेळणी हाताळते आणि मधूनमधून त्या व्यक्तीकडे परतते. यावरून सुरक्षितता आणि शोधक वृत्ती या परस्परविरोधी गोष्टी नसून पहिली दुसरीचा पाया असते, असे मानले जाते.

आहे तेथेच राहण्याची कारणे

व्यक्ती परिचित स्थितीत राहणे का पसंत करतात, याची पुढील कारणे संशोधनात आढळतात.

यथास्थितीचा कल : विल्यम सॅम्युएलसन आणि रिचर्ड झेकहाउझर यांनी १९८८ साली दाखवून दिले की, अनेक पर्यायांपैकी एखादा पर्याय ‘सध्याचा’ म्हणून समोर ठेवल्यास तोच निवडण्याचे प्रमाण वाढते. हार्वर्ड विद्यापीठातील कर्मचाऱ्यांच्या आरोग्य विमा योजनांच्या निवडीतही नव्या योजना नव्याने रुजू झालेल्यांनी अधिक प्रमाणात घेतल्या, तर जुने कर्मचारी बहुतांशी आधीच्या योजनांतच राहिले.

हानीचे भय : डॅनियल काहनेमन आणि एमॉस ट्वेर्स्की यांच्या १९७९ सालच्या सिद्धान्तानुसार समान रकमेच्या लाभाच्या आनंदापेक्षा हानीचे दुःख अधिक तीव्र असते. त्यामुळे बदलातून काय मिळेल यापेक्षा काय जाईल याकडे लक्ष वेधले जाते.

परिचयातून येणारी आवड : रॉबर्ट झायोंक यांनी १९६८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, एखादी गोष्ट वारंवार समोर आल्यानेच ती अधिक आवडू लागते असे दिसले.

बुडीत खर्च : आधी घातलेला पैसा, वर्षे आणि श्रम परत मिळणार नसतानाही ते वाया जाऊ नयेत म्हणून माणसे त्याच मार्गावर चालत राहतात.

टाळाटाळीचा दिलासा : भीतिदायक गोष्ट टाळल्यास तात्काळ हायसे वाटते. हा दिलासाच बक्षिसासारखा काम करतो आणि पुढच्या वेळी टाळण्याची प्रवृत्ती बळावते.

यांपैकी कोणतेही कारण असले म्हणजे राहण्याचा निर्णय चुकीचाच ठरतो असे नाही. परिचित कामात कौशल्य वाढते, चुका कमी होतात आणि मनाला उसंत मिळते. संस्थाशास्त्रज्ञ जेम्स मार्च यांनी १९९१ साली ‘शोध’ आणि ‘उपयोग’ यांतील तोल मांडला. केवळ नव्याच्या शोधात राहणाऱ्या संस्थेला हाती आलेल्या ज्ञानाचे फळ मिळत नाही; केवळ जुन्याचाच उपयोग करणारी संस्था कालांतराने मागे पडते.

निर्णयाचे निकष

राहावे की निघावे, याचा विचार करताना पुढील बाबी पाहणे उपयुक्त मानले जाते.

प्रयोजन : बाहेर पडणे हे साधन आहे की साध्य, हे प्रथम पाहावे लागते. एखादे निश्चित उद्दिष्ट सध्याच्या स्थितीत गाठता येत नसेल, तर निघण्यास कारण असते. केवळ अस्वस्थता अनुभवणे हे प्रयोजन ठरत नाही.

परतीची वाट : रजा घेऊन केलेला प्रयोग, अर्धवेळ अभ्यासक्रम किंवा काही महिन्यांचे वास्तव्य यांतून माघार घेता येते. घर विकणे किंवा मोठे कर्ज काढणे यांतून माघार अवघड असते. परत फिरता येण्याजोगे निर्णय लवकर आणि परत न फिरवता येणारे निर्णय सावकाश घेणे श्रेयस्कर असते.

सर्वांत वाईट परिणाम : अपेक्षित लाभापेक्षा अपयशाचा भार कोणावर आणि किती पडेल, हा प्रश्न अनेकदा निर्णायक असतो. हा भार कुटुंबातील इतरांवर पडणार असेल, तर तो एकट्याचा निर्णय राहत नाही.

राहण्याची किंमत : निघण्याची किंमत ठळकपणे दिसते, राहण्याची किंमत हळूहळू व नकळत चुकती होते. म्हणून ‘काहीच न बदलल्यास पाच वर्षांनी स्थिती काय असेल’ असा प्रश्न विचारून दोन्ही किमती शेजारी मांडल्या जातात.

भीतीचे स्वरूप : अनोळखीपणामुळे वाटणारी भीती सरावाने ओसरते. प्रत्यक्ष धोक्याची सूचना देणारी भीती ओसरत नाही व ओसरूही नये.

तिसरा पर्याय : अर्थशास्त्रज्ञ अल्बर्ट हर्शमन यांनी १९७० साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात संस्थेवर असमाधानी असलेल्या व्यक्तीपुढे बाहेर पडण्याखेरीज आवाज उठवण्याचाही मार्ग असतो, हे मांडले. निष्ठा असल्यास व्यक्ती निघण्याआधी आवाज उठवण्याची शक्यता वाढते. त्यामुळे प्रश्न नेहमी राहणे किंवा निघणे एवढाच नसतो. राहून स्थिती बदलणे हाही पर्याय असू शकतो.

निर्णयांच्या परिणामांविषयी संशोधन

अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ स्टीव्हन लेव्हिट यांनी एका संकेतस्थळाच्या साहाय्याने केलेला प्रयोग या संदर्भात वारंवार उद्धृत केला जातो. नोकरी सोडावी का, नाते संपवावे का, अशा प्रश्नांवर मन निश्चित न झालेल्या व्यक्तींनी तेथे आभासी नाणे उडवले. वर्षभरात अशा २०,००० हून अधिक नाणेफेकी झाल्या. ज्यांच्या नाण्याने बदलाचा कौल दिला, त्यांनी बदल करण्याचे प्रमाण अधिक होते. सहा महिन्यांनंतर, महत्त्वाच्या प्रश्नांवर बदल केलेल्या व्यक्तींनी आपण अधिक सुखी असल्याचे सांगितले. हा अभ्यास २०२१ साली संशोधन नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्याचा निष्कर्ष सर्वांना लागू होत नाही. सहभागी व्यक्ती स्वेच्छेने आलेल्या होत्या आणि नाण्यावर निर्णय सोपवण्याइतक्या द्विधा मनःस्थितीत होत्या. दोन्ही बाजू समतोल वाटत असताना माणसे बदलाबाबत गरजेपेक्षा अधिक सावध असतात, एवढेच त्यावरून म्हणता येते.

थॉमस गिलोविच आणि व्हिक्टोरिया मेडवेक यांनी १९९५ साली पश्चात्तापाच्या काळक्रमाविषयी मांडणी केली. नजीकच्या काळात केलेल्या कृतीचा पश्चात्ताप अधिक बोचतो. दीर्घ काळानंतर मागे वळून पाहताना न केलेल्या गोष्टींची खंत अधिक आढळते.

आर्थिक स्थिती आणि जोखीम

बाहेर न पडण्याचे कारण नेहमी मनातच असते असे नाही. बांगलादेशाच्या रंगपूर विभागात भातकापणीपूर्वी ‘मोंगा’ नावाचा उपासमारीचा काळ येतो. या काळात शहरात मजुरी मिळण्याची शक्यता असूनही अनेक कुटुंबांतील कोणीही गाव सोडत नसे. २००८ साली गरद ब्रायन, श्यामल चौधुरी आणि अहमद मुश्फिक मुबारक या अर्थशास्त्रज्ञांनी काही कुटुंबांना यादृच्छिक निवडीने सुमारे बसभाड्याइतकी, म्हणजे साडेआठ डॉलरची मदत देऊ केली. त्यामुळे मदत न मिळालेल्या कुटुंबांच्या तुलनेत सुमारे २२ टक्के अधिक कुटुंबांनी एखाद्या सदस्यास कामासाठी बाहेर पाठवले आणि घरातील अन्नावरील खर्च वाढला. पुढच्या वर्षी मदत नसतानाही त्यांच्यापैकी अनेकांनी पुन्हा स्थलांतर केले.

संशोधकांच्या मते ही कुटुंबे जगण्याच्या इतक्या काठावर होती की काम न मिळाल्यास भाड्याचे पैसे बुडणे त्यांना परवडणारे नव्हते. म्हणजेच त्यांचे राहणे हे आळस किंवा अज्ञान नसून जोखमीचा हिशेब होता. पुढे मोठ्या प्रमाणावर राबवलेल्या कार्यक्रमात मात्र असाच परिणाम दिसून आला नाही व तो २०१९ साली थांबवण्यात आला. तरीही, अपयश पचवण्याची ऐपत नसलेल्या व्यक्तीला केवळ धाडसाचा उपदेश करणे अपुरे असते, हे या उदाहरणातून स्पष्ट होते.

टप्प्याटप्प्याने बदल

भीतीवरील उपचारांत क्रमाक्रमाने सामना करण्याची पद्धत प्रस्थापित आहे. दक्षिण आफ्रिकेत जन्मलेले मनोविकारतज्ज्ञ जोसेफ वोल्पे यांनी १९५८ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात तिची पद्धतशीर मांडणी केली. रुग्ण आपल्या भीतीच्या प्रसंगांची सौम्य ते तीव्र अशी उतरंड तयार करतो आणि एका पायरीवर मन स्थिर झाल्यावरच पुढच्या पायरीकडे जातो. सभेत बोलण्याची भीती असलेल्या व्यक्तीने प्रथम घरात मोठ्याने वाचणे, नंतर दोन-तीन मित्रांसमोर बोलणे आणि शेवटी सभेत उभे राहणे, हे त्याचे सोपे उदाहरण होय. या पद्धतीत कम्फर्ट झोन सोडले जात नाही, तर विस्तारले जाते. तीव्र चिंताविकार किंवा मानसिक आघाताचा अनुभव असलेल्या व्यक्तींनी असे प्रयत्न तज्ज्ञांच्या मार्गदर्शनाखाली करणे आवश्यक असते.

उदाहरणे

इमॅन्युएल कान्ट

जर्मन तत्त्ववेत्ते इमॅन्युएल कान्ट (१७२४–१८०४) यांचे जवळजवळ सर्व आयुष्य पूर्व प्रशियातील क्योनिग्सबर्ग, म्हणजे सध्याचे रशियातील कालिनिनग्राड, या शहरात व त्याच्या परिसरात गेले. एर्लांगेन आणि येना येथील विद्यापीठांनी पुढे केलेली प्राध्यापकपदे त्यांनी स्वीकारली नाहीत. १७७८ साली हाले विद्यापीठात अधिक वेतनाचे पद देऊ केले असताही त्यांनी नकार दिला. आपल्या नाजूक प्रकृतीला कोणताही बदल धास्तावतो, अशा आशयाचे पत्र त्यांनी त्याच वर्षी आपले शिष्य मार्कुस हेर्त्स यांना लिहिले होते. मात्र याच काळात ते स्वतःच्या आधीच्या तात्त्विक भूमिकांची मुळापासून फेरतपासणी करत होते. सुमारे दहा वर्षे फारसे काही प्रसिद्ध न केल्यानंतर १७८१ साली त्यांचा ‘शुद्ध बुद्धीची चिकित्सा’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. बाह्य जीवनातील स्थैर्य वैचारिक प्रस्थानाच्या आड येतेच असे नाही, हे या उदाहरणावरून दिसते.

आनंदीबाई जोशी

आनंदीबाई जोशी (१८६५–१८८७) यांचा अमेरिकेस जाण्याचा निर्णय याच्या उलट स्वरूपाचा होता. वयाच्या चौदाव्या वर्षी झालेले त्यांचे मूल अवघ्या काही दिवसांत दगावले आणि त्यातून त्यांच्या मनात वैद्यकीय शिक्षणाचा विचार दृढ झाला. पती गोपाळराव यांचा त्यांच्या शिक्षणाविषयी आग्रह होता. १८८३ साली बंगालमधील सेरामपूर येथे त्यांनी इंग्रजीत जाहीर भाषण करून लोकांच्या आक्षेपांना एकेक करून उत्तर दिले. अमेरिकेसच का जाता, हिंदुस्थानात शिक्षणाची सोय नाही काय, एकट्या का जाता, परतल्यावर वाळीत टाकले जाईल त्याचे काय, संकट ओढवल्यास काय कराल आणि आजवर कोणत्याही स्त्रीने केले नाही ते आपण का करावे, असे ते प्रश्न होते.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये त्या कोलकात्याहून निघाल्या. आधीपासून पत्रव्यवहार असलेल्या श्रीमती कार्पेंटर यांच्या न्यू जर्सीतील घरी त्यांना आधार मिळाला. परदेशात त्यांनी शाकाहार आणि साडी यांचा त्याग केला नाही. १८८६ साली फिलाडेल्फिया येथील महिला वैद्यकीय महाविद्यालयातून त्यांनी पदवी संपादन केली आणि कोल्हापूरच्या रुग्णालयातील स्त्री विभागासाठी त्यांची नेमणूक झाली. क्षयरोगामुळे २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुणे येथे त्यांचे निधन झाले. त्या वेळी त्यांना बावीसावे वर्षही पूर्ण झाले नव्हते. त्यांच्या निर्णयात प्रयोजन, पूर्वविचार आणि आधार हे तिन्ही घटक दिसतात. असे असूनही निघण्याची किंमत मोठी असू शकते, हेही त्यातून लक्षात येते. निर्णयाची योग्यता आणि त्याचे फळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

टीका

न्यूझीलंडमधील अभ्यासक माइक ब्राउन यांनी २००८ साली कम्फर्ट झोन हे शास्त्रीय प्रतिमान न मानता केवळ रूपक म्हणून वापरावे, असे मत मांडले. ताण दिला की माणूस शिकतो, या गृहीतकावर साहस शिबिरांत सहभागींना जाणीवपूर्वक भीतीच्या प्रसंगात ढकलणे त्यांना आक्षेपार्ह वाटते.

या संकल्पनेवरील इतर आक्षेपही विचारात घेण्याजोगे आहेत. वर्तुळांची सीमा मोजण्याचे सर्वमान्य साधन नाही; सीमा कोठे होती हे बहुधा यश किंवा अपयश आल्यानंतरच सांगितले जाते. यशस्वी झालेल्यांच्या कथा पुन्हा पुन्हा सांगितल्या जातात, तर बाहेर पडून कोलमडलेल्यांच्या कथा क्वचितच ऐकू येतात. कामाच्या ठिकाणी अपुरे मनुष्यबळ, जादा तास किंवा असुरक्षित परिस्थिती यांविषयीच्या तक्रारींना ‘कम्फर्ट झोन सोडा’ असे उत्तर दिल्यास व्यवस्थेचा दोष व्यक्तीच्या माथी मारला जातो. आजारपण, अपंगत्व किंवा घरातील शुश्रूषेची जबाबदारी असलेल्या व्यक्तींसाठी रोजचा दिवस निभावणे हेच परिचित क्षेत्राच्या बाहेरचे काम असू शकते. त्यांच्या बाबतीत स्थैर्य मिळवणे ही माघार नसून प्रगती होय.

हे सुद्धा पहा

आसक्ती सिद्धान्त
निकट विकासाचे क्षेत्र
यर्क्स–डॉडसन नियम
वर्तनवादी अर्थशास्त्र
आनंदीबाई जोशी